वहीच्या पानांचा हंस

जिजीच्या उजव्या अंगठ्याचं नख बघितल्याशिवाय जिजी कळायची नाही. बाकीची नऊ नखं बोथट, भांडी घासून झिजलेली. हे एकच तिनं जपून वाढवलेलं, जाड, पिवळट, टोकाला किंचित आत वळलेलं. याच नखानं ती कागदावर घडी मारायची. एकदा नख फिरलं की कागद परत उलगडला तरी रेघ जायची नाही. आणि याच नखानं ती आमचे कान धरायची. घडी वाकडी पडली की बोलणं नंतर, आधी कान. माझ्या डाव्या कानाच्या पाळीला अजून एक बारीक खूण आहे. नवऱ्यानं एकदा विचारलं, ही कसली, तर मी म्हणाले, कॉलेजातली.

केजला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून तिची पत्र्याची खोली होती. खरं नाव मतदार यादीत असेल तेवढंच; सगळ्या केजात ती ‘घडीवाली जिजी’. काम रुखवताचं. लग्नाच्या हॉलात एका टेबलावर नवरीच्या हातच्या वस्तू मांडायच्या आणि नवरदेवाकडच्या बायकांनी त्या नाकं मुरडत बघायच्या, हा सोहळा आपल्याला नवा नाही. आता थर्माकोलचं रुखवत भाड्यानं मिळतं, सकाळी आणायचं आणि अक्षता पडल्या की परत करायचं. पण सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या भागात रुखवतात जिजीचा कागदी हंस नसला तर बायका सरळ विचारायच्या, ‘पोरीला काही येत नाही का?’ म्हणून लग्न ठरलं की पोरीची आई आधी हॉल बघायची आणि मग पोरीला जिजीकडं धाडायची.

हंस म्हणजे हजार-बाराशे घड्या. वहीच्या एका पानाचे चार तुकडे. तुकडा आधी मधोमध दुमडायचा, मग दोन्ही बाजू खाली आणायच्या, उरलेल्या कडा वर वळवायच्या आणि शेवटी सगळं मिटायचं. हातात एक जाडसर त्रिकोण राहतो, एका अंगाला दोन टोकं आणि दुसऱ्या अंगाला दोन खिसे. शेजारच्या दोन घड्यांचं एकेक टोक तिसरीच्या खिशांत घालायचं, अशी कडी पूर्ण करायची, कडीवर कडी चढवायची. पाच-सहा कड्या झाल्या की तो सगळा चपटा गोल दोन्ही तळव्यांनी आतून दाबून वाटीसारखा वर वळवायचा. इथं भल्याभल्या पोरी अडायच्या, कारण चुकलं की सगळं अंगणभर. मग पंख, शेपटी, आणि एकात एक घडी घालत वाकवत नेलेली मान. चोच लाल पुठ्ठ्याची. गोंद नाही, दोरा नाही, टाचणी नाही. हंस उभा राहायचा तो फक्त घडीच्या ताणावर.

गोंदाचा जिजीला इतका तिटकारा की एखादीच्या पिशवीत बाटली दिसली तर ती पिशवीसकट गल्लीत भिरकवायची. माझ्या आधीच्या तुकडीतल्या एका पोरीनं तरीही घरी नेऊन, भावाच्या सल्ल्यानं, सगळ्या मानेला गोंद लावला. तिच्या लग्नाला केजातून आम्ही बऱ्याचजणी जिजीबरोबर गेलो होतो. नवरदेवाची आत्या रुखवतापाशी आली आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणं तिनं हंसाची मान धरून तो उचलला. नुसत्या अडकवलेल्या घड्या असत्या तर मान लवली असती. वाळलेल्या गोंदानं ती कडक झाली होती, ती मधोमध मोडली. आत्याच्या हातात चोच आणि चार घड्या. हॉलमध्ये शांतता झाली, नवरीचा चेहरा पडला, आणि त्या शांततेत जिजी हसली. तोंडाला पदर न लावता, खदखदून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नवरीची आई पुढं येऊन म्हणाली, “जिजी, आवरा की वं.” जिजी म्हणाली, “आवरू कावून? मी सांगितलतं. माझं ऐकलं न्हाई, आता हिचं ऐका,” आणि तिनं हळद लावलेल्या त्या पोरीकडं बोट केलं. पोर हुंदके देत होती. मग जिजी पंगतीला बसली आणि तिनं दोनदा बुंदी मागून घेतली. मला त्या दिवशी तिची किळस आली होती. पुढं माझी पाळी आली तेव्हा मात्र मी घरातली गोंदाची बाटली स्वतः उकिरड्यावर टाकून आले.

माझी पाळी आली ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी. विषय प्राणिशास्त्र. प्रात्यक्षिकं झाली होती, चार लेखी पेपर तेवढे राहिले होते, आणि नेमकं तेव्हा धारूरचं स्थळ आलं. मुलगा ठिबक सिंचनाच्या दुकानात कामाला, घर स्वतःचं, माणसं बरी. त्यांना तारीख जवळची हवी होती. मी आईला म्हणाले, दीड महिना थांबा, पेपर देते. आई म्हणाली, “पेपर काय पळून चाललेत?” होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “लग्न झाल्यावर आम्ही पाठवू की परीक्षेला.” सगळे इतकं गोड बोलत होते की भांडायला जागाच राहिली नाही. मला बाकी काही नको होतं. ते चार पेपर द्यायचे होते.

जिजीचा नियम असा की कागद नवरीच्या वहीचा. कोरा कागद ती घ्यायची नाही. “कोरा कागद निसटतो. लिवलेला, हाताळलेला कागद मऊ पडतो, त्यो घडी धरतो.” आणि जुन्या वह्याही नकोत, कारण त्या पिवळ्या पडतात; याच सालच्या पाहिजेत. म्हणजे ज्या पोरीचं शिक्षण लग्नानं तोडलं, तिनं आपल्याच हातानं चालू सालच्या वह्या फाडायच्या. मी पहिल्या दिवशी शेजारच्या पोराच्या वह्या घेऊन गेले. जिजीनं एक उघडली, अक्षराकडं बघितलं. तिला वाचता यायचं नाही, पण अक्षर कुणाचं ते ती ओळखायची. “ह्ये तुझं न्हाई. तुझ्या आण.” मी म्हणाले, “जिजी, माझे पेपर व्हायचेत अजून.” ती म्हणाली, “व्हायचेत का? तुझी आई तर म्हनली झालं सगळं. आधी घरात ठरवून ये, मंग इकडं ये.” घरात ठरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी मी चारही वह्या घेऊन गेले.

फाडायचं कामही तिनं मलाच लावलं. पट्टी ठेवायची, पान ओढायचं, चार तुकडे करायचे. मी रडत होते हे तिला दिसत होतं. “रड, पन कागदावर नगं. वलं झालं की घडी बसत न्हाई.” थोड्या वेळानं तिनं एक तुकडा उचलला. त्यावर मी निळ्या-लाल शाईनं आकृती काढली होती. “ह्ये काय हाय?”

“बेडकाचं हृदय.”

“बेडकाला हृदय असतंय?”

“असतंय. तीन कप्प्यांचं.”

“तीन!” जिजी खोलीतल्या पाच-सहा पोरींकडं बघून म्हणाली, “बघा गं. मंग सासूला बी एखादा कप्पा असंल.” सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता बेडकाच्या हृदयाची घडी मारली.

तिची घडी तपासायची पद्धत मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. पाच वाजले की ती दिवसभराच्या सगळ्या घड्या सुपात घ्यायची आणि ज्वारी पाखडतात तशी पाखडायची. घट्ट घडी उडून परत सुपात पडते तशीच पडते; ढिली असेल तर हवेतच तोंड उघडते. उघडलेल्या घड्या ती निवडून बाजूला काढायची आणि चहाच्या चुलीत घालायची. परत दुमडायला द्यायची नाही. घड्यांच्या पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या घड्या चुलीत गेल्या. म्हणजे माशांच्या श्वसनावरचं जवळजवळ सगळं. मी चुलीत हात घालायला गेले तर तिनं कान धरला. “जळालं ते जळालं. उद्याच्या नीट मार.” त्या जाळावर झालेला चहा तिनं मला दिला आणि मी तो प्याले.

दुसऱ्या दिवसापासून मी घड्या अशा मारू लागले की सुपातनं काही उघडू नये. मला हंसाची काडीची हौस नव्हती, माझं पान चुलीत जाऊ नये एवढंच मनात होतं. आठवड्याभरात माझी एकही घडी उघडेना. जिजी सूप खाली ठेवायची, माझा ढीग बोटांनी चाळायची आणि काही न बोलता उठायची. तिच्याकडं यापेक्षा मोठं कौतुक नव्हतं. बोलायची ती मात्र नेमकं वर्मी लागेल असं. आमच्यात एक पोर होती, तिचं लग्न हंस अर्ध्यावर असताना मोडलं. ती आठ दिवसांनी आपलं सामान न्यायला आली तेव्हा जिजीनं अर्धा हंस पिशवीत घालून तिच्या हातात दिला. “घे. तुझं बी अर्धंच झालं.” ती पोर उंबऱ्यातच खाली बसली. आम्ही माना खाली घालून घड्या मारत राहिलो. कुणीही तिला पाणीसुद्धा दिलं नाही, हे मी आज लिहिते तेव्हा मला जिजीपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटते.

मग अशा बाईवर जीव कशाला जडावा? मला याचं एकच उत्तर सापडलं आहे. त्या महिनाभरात घरी, दारी, गल्लीत, जो भेटेल तो माझ्याशी लग्नाचं बोलायचा. दिवस कमी राहिले, साड्या घेतल्या का, धारूर कसं आहे, नवरा काळा की गोरा. जिजीच्या खोलीत हे चालायचं नाही. कुणी विषय काढला की ती म्हणायची, “त्वांड मिटा, घडी मिटंल.” मग गिरणीचा आवाज आणि कागदावर नखं फिरल्याचा आवाज, एवढंच. दुपारी बारा ते पाच मी तिथं फक्त दोन हात असायचे. एवढं शांत मला ना त्याआधी कधी वाटलं, ना नंतर. हे सुख जिजी जाणूनबुजून देत होती असं काही मी म्हणणार नाही. तिला आवाज आवडत नव्हता.

ती स्वतः हे शिकली कशी, ते एकदाच सांगितलं. नवऱ्यानं दुसरी आणली तेव्हा ती बहिणीच्या घरी येऊन राहिली. बहिणीच्या सुनेच्या रुखवतात लातूरकडून आलेला असा एक हंस होता. घरात कुणी नसताना जिजीनं तो एकेक घडी काढत सगळा उकलला. परत लावायला गेली तर लागेना. बहिणीनं तिला उंबऱ्याबाहेर काढलं, आणि ती ते सगळे तुकडे ओच्यात घेऊन मंदिराच्या ओसरीवर बसली. “आठ दिस बसले. आठव्या दिशी हंस घेऊन गेले, तवा आत घेतलं.” हे सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. कुणावर तरी मात केल्यासारखा आवाज होता.

माझा हंस तिच्या खोलीतला सगळ्यात मोठा झाला. पांढरा, पण जवळून बघितलं तर अंगभर निळ्या शाईचे ठिपके, कुठं अर्धं अक्षर, कुठं बाणाचं टोक. वाटी वळवताना तिनं हात लावला नाही. शेवटची घडी मानेत बसवली तेव्हा तिनं हंसाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “ने. ह्याला धक्का लागू दिऊ नगं.” लग्नात बायकांनी तो हातोहात बघितला, आत्या-मावश्यांनी मान धरून उचलला, मान लवली आणि परत उभी राहिली. सासूबाईंचा ऊर भरून आला. धारूरला नेऊन त्यांनी तो टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवला. येईल त्याला म्हणायच्या, “आमच्या सुनंच्या हातचा हाय.”

परीक्षेचं कुणी नाव काढलं नाही. मी काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आत्ता तर आलीस. पुढच्या साली बघू.” पेपर होऊन गेले. पुढच्या साली फॉर्म निघाले तेव्हा मी नवऱ्याच्या मागं लागले. तो भांडणारा माणूस नाही, कुणाच्याच बाजूनं. त्यानं फॉर्म भरून आणला आणि म्हणाला, “आईला तू सांग.” मी सांगितलं नाही. पण अभ्यास करायचा कशावरून? मैत्रिणींतल्या दोघींची लग्नं होऊन त्यांच्या वह्या कुठं गेल्या त्यांनाच ठाऊक नव्हतं, तिसरीच्या भावानं रद्दीत घातलेल्या. फोनवर सगळं मिळतं हे खरं, पण दिवसभर फोनमध्ये तोंड घातलेली सून कोणाला चालते? एका गुरुवारी मी कपाटाची काच उघडून हंसावरची धूळ झटकत होते, आणि पंखाखालच्या एका घडीवर मला ‘मूत्रपिंड’ असं दिसलं. माझंच अक्षर. मी ती घडी ओढली. ती सहज आली.

त्या दिवसापासून मी हंस पाठीकडून खायला लागले. धूळ पुसायच्या निमित्तानं रोज दहा-पंधरा घड्या काढायच्या, पाठीकडच्या, भिंतीकडच्या. समोरून काही कळू नये. त्या ब्लाउजमध्ये खोचून स्वयंपाकघरात न्यायच्या, उलगडायच्या, भाकरी थापता थापता वाचायच्या आणि पिठाच्या डब्यामागं ठेवून द्यायच्या. हे वाचणंही काय! एका पानाचे चार तुकडे चार ठिकाणी. खवल्यांचे तीन प्रकार पाठीत, चौथा शेपटीत. जिथं जिजीनं शिकवलेलं नख फिरलं होतं तिथली शाई उडालेली, मधला शब्द आठवून भरायचा. चार तुकडे जुळले की मला इतका आनंद व्हायचा की मी एकटीच हसायचे. सासूबाई बाहेरून विचारायच्या, “काय गं, काय झालं?” मी म्हणायचे, “भाकरी फुगली.”

हंस समोरून भरलेला आणि मागून पोकळ, असा महिनाभर उभा राहिला. मग नणंदेला बघायला पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, आणि सासूबाई उठल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. त्या कपाटाकडं निघाल्या ते मला दिसलं. “आमच्या घरात पोरी-सुनांच्या हाताला कला हाय,” असं म्हणत त्यांनी हंस दोन्ही हातांनी उचलला. पुढची छाती आणि मान तेवढी त्यांच्या हातात राहिली. बाकीचा हंस पाहुण्यांच्या चहाच्या कपांत, पोह्यांच्या बश्यांत, मुलाच्या वडिलांच्या टोपीवर. मला लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीही, पण त्याच्याही आधी मनात आलं, आता सगळ्या घड्या उघडपणे गोळा करता येतील. मी केरसुणी न घेता हातानंच सगळं वेचलं. पाहुण्यांनी पुढं कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. सासूबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. त्या महिन्यात माझा अभ्यास फार चांगला झाला.

पेपर दिले. सासूबाई बोलतच नव्हत्या, त्यामुळं त्यांना विचारायचंही राहिलं. उत्तरं आठवायची ती पानावरून नाही, हंसावरून. हे मानेतलं, हे उजव्या पंखातलं. एक मोठा प्रश्न माशांच्या श्वसनावर आला. ते पान जिजीच्या चहाखाली जळालं होतं, तो प्रश्न सोडून दिला. तरीही पास झाले, दुसऱ्या श्रेणीत. निकाल कळला तेव्हा आईच्या आधी, कुणाच्याही आधी मला जिजीला सांगायचं होतं. मला खरोखर वाटत होतं की ती खूश होईल. जीपनं केजला आले, स्टँडवर पेढे घेतले आणि तिच्या खोलीत गेले. पोरी आता येत नव्हत्या. ती एकटीच बसून घड्या मारत होती.

“जिजी, पास झाले.”

“कशात?”

“बी.एस्सी.त. माझे पेपर राहिलते ना, ते दिले.”

“बरं झालं. हंस कसा हाय?”

मी उत्साहानं सगळं सांगितलं. धूळ पुसणं, मूत्रपिंड, भाकरी, पाहुण्याची टोपी. टोपीवर ती हसेल अशी माझी खात्री होती. तिचं नख कागदावर अर्ध्यात थांबलं.

“मंग आता कुठंय त्यो?”

“उकलला सगळा. कागद आहेत पेटीत.”

“मोडला म्हन की.”

“मोडला न्हाई जिजी, उकलला. तुमी बी तर उकलूनच शिकलाव.”

“मी परत लावला.” ती माझ्याकडं बघत नव्हती. “हितं आलेल्या निम्म्या पोरींचं मीच करून दिलंय. त्यांच्या आयांना बी ठावं हाय. तुझं तू केलतंस. तुझ्या हाताला घडी व्हती. मला वाटलं व्हतं, मी गेल्यावर ह्यो एक तरी ऱ्हाईल.” तिनं माझं कौतुक केलं ते हे एवढं. पुढच्याच वाक्याला ती म्हणाली, “ऊठ. हितं परत यायचं न्हाई.”

मला राग आला. वर्षभराचा साठलेला, आईवरचा, सासूवरचा, सगळा तिच्यावर निघाला. मी म्हणाले, “तो तुमच्यासाठी हंस होता, जिजी. माझं वर्ष होतं त्यात. माझ्या हातानं फाडायला लावलंत तुमी. वाचता आलं असतं तर कळलं असतं तुमाला, काय फाडलं ते.”

गिरणी चालू होती. जिजीनं अर्धी राहिलेली घडी पूर्ण केली, मिटली, बाजूच्या ढिगात टाकली. “येत न्हाई. खरं हाय,” ती म्हणाली. मग पेढ्यांचा पुडा त्या नखानं माझ्याकडं सरकवला आणि भिंतीकडं तोंड करून पुढचा कागद घेतला.

मी नंतर दोनदा गेले. एकदा दार उघडंच होतं. मला बघून तिनं ते ओढून घेतलं. दुसऱ्यांदा आतून खोकल्याचा आवाज येत होता, मी बराच वेळ हाका मारल्या, दार उघडलं नाही. आज मी बीडला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, आणि ते त्या चार पेपरांमुळं. माझं शिक्षण पुरं झालं याचा मला एका क्षणाचाही पश्चात्ताप नाही. उद्या परत तीच वेळ आली तर मी परत हंस उकलीन, आणि जिजी परत मला हाकलून देईल, याचीही मला खात्री आहे. पण वाचता येत नाही म्हणून मी तिला जे बोलले, ते तिनं मला शिकवलेलं नव्हतं. ती घडीवरून बोलायची, कुरूप बोलायची, रक्त निघेल असं बोलायची. पण जे एखादीच्या हातातच नव्हतं त्यावरून बोलताना मी तिला कधी ऐकलं नाही, त्या लग्न मोडलेल्या पोरीचा अपवाद सोडला तर. एक अपवाद तिचा आणि एक माझा. म्हणजे हेही मी तिच्याकडूनच शिकले.

गेल्या वर्षी ती गेली. निरोप तिच्या भाचीचा आला: तेराव्याला या, आणि ज्यांच्याकडं जिजीचा हंस असेल त्यांनी तो घेऊन या, फोटोपुढं मांडायचे आहेत. मी गेले. गिरणीसमोर मांडव घातला होता. बायका जीपमधून उतरत होत्या, मांडीवर घेतलेले हंस पदरानं झाकून. कुणी अंबाजोगाईहून, कुणी नेकनूरहून, एकजण थेट परळीहून एसटीत उभ्यानं आलेली. फोटो लहान होता, मतदार कार्डावरचा मोठा केलेला, आणि त्याच्यापुढं सतरंजीवर चाळीसेक हंस. धुळीनं करडे झालेले, एखाद्याची चोच गेलेली, एखाद्याला नव्या कागदाचं ठिगळ, पण सगळे उभे. प्रत्येकीनं आपल्या हंसामागं जागा धरली होती. मी कडेला रिकाम्या हातांनी उभी राहिले.

शेजारी एक म्हातारपणाकडं झुकलेली बाई बसली होती. तिनं मला वरखाली बघितलं.

“तुमी बी जिजीच्या हाताखालच्या का?”

“हो.”

“मंग हंस कुठंय तुमचा?”

“वाचून टाकला,” मी म्हणाले.

मग तिनं दोन्ही हातांनी आपला हंस उचलला आणि माझ्यापासून थोडा पलीकडं नेऊन ठेवला.